चिमणीच्या गळ्यातली सोनेरी पट्टी

१ मार्च, सकाळ

आजपासून कामाला लागले. मार्च-एप्रिल हा माझा सीझन. एकवीस मार्चला चिमणीचा वाढदिवस, दोन एप्रिलला सागवानचा. मॉनिटरचा जुलैत येतो, पण ती आत्तापासूनच विचारणार. शाळेत बोर्डिंगला होतो तेव्हापासून या तिघींना मी हाताने केलेलं कार्ड देत आले आहे. दरवर्षी नवी थीम. बाजारातली कार्डं मला बघवत नाहीत. त्यांच्यातल्या कविता कोणीतरी पगारावर लिहिलेल्या असतात आणि ते कळतं.

माझी पद्धत पक्की आहे. पाकिटांवरचे पत्ते जानेवारीतच लिहून ठेवते. चिमणीचं आणि सागवानचं कार्ड बरोबरच करते, एकाच बैठकीत पाकिटं बंद करते आणि पोस्टात टाकते. चिमणी दोन गल्ल्या सोडून राहते, तरी पोस्टानेच. पाकीट दारातून आत पडण्यात जी गंमत आहे ती हातात देण्यात नाही. एवढ्या वर्षांत एकदाही चूक नाही.

क्राफ्टच्या तासाला सिस्टर समोरून काम बघतच नसत. उलटं करा, म्हणायच्या. मागून डिंक कुठे ओघळलाय, दोरे कुठे लोंबतायत, तेच बघायच्या. माझं काम मागूनही स्वच्छ असायचं. म्हणून तर माझं नाव डिंकी पडलं. मॉनिटर म्हणते वेणीत डिंक सांडला होता म्हणून पडलं. तिची स्मरणशक्ती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

थीम: ठरायची आहे. घाई नाही.

१ मार्च, दुपार

मॉनिटरचा फोन आला. चिमणीच्या गळ्यात गाठ निघाली आहे.

एकोणीसला ऑपरेशन. सर्जन म्हणाले, दिसायला साधी दिसते, पण काढून तपासायला दिल्याशिवाय काही सांगता येणार नाही. गाठ आवाजाच्या नसेला खेटून आहे. ऑपरेशननंतर काही दिवस बोलायचं नाही, आणि पुढे आवाज कसा येईल ते बघू, असं म्हणाले. बघू म्हणजे काय? डॉक्टरांनी असे शब्द वापरू नयेत.

चिमणीने बोलायचं नाही! चार फूट दहा इंच उंची, आणि त्यातली निम्मी जीभ, असं सागवान म्हणायची. प्रार्थनेच्या वेळी गप्प राहावी म्हणून सिस्टर तिला पहिल्या रांगेत उभी करायच्या, तर ती पहिल्या रांगेतून बोलायची.

मॉनिटर म्हणाली, रडत बसू नकोस, उठ आणि तिला भेटून ये. मी म्हटलं, जातेच आहे. चपला घातल्या. मग आठवलं, गॅसवर दूध होतं.

२ मार्च

दूध नव्हतं. पण बघायला आत आले ते बरंच झालं, कारण नंतर एक शिंक आली. सर्दी घेऊन ऑपरेशनच्या माणसाकडे जाणं बरोबर नाही.

मी घाबरलेली नाही. उगीच गर्दी करू नये, इतकंच.

४ मार्च

ठरवलं आहे: यंदाचं कार्ड आजवरचं सगळ्यात सुंदर होईल. रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा कार्ड घेऊनच जावं. म्हणजे एकवीसला. तोपर्यंत काम.

कामाला बसले. मागच्या वर्षीच्या कार्डाचे राहिलेले तुकडे काढले आणि कात्री खाली ठेवली.

मागच्या वर्षी चिमणीला काय दिलं होतं? पक्षी. तपकिरी कागदाची चिमणी, खाली रिबन, रिबन ओढली की चोच उघडते. पाकिटात घालताना तिची मान फाटली होती. दुसरी करायला वेळ नव्हता, म्हणून मी त्या मानेभोवती सोनेरी टेप गुंडाळली. दागिन्यासारखी दिसत होती. मला तेव्हा ते फार छान सुचल्यासारखं वाटलं होतं.

गळ्याभोवती घट्ट पट्टी. मीच.

४ मार्च, संध्याकाळ

मी अंधश्रद्धाळू नाही. चांगल्या शाळेत शिकले आहे, आम्हाला सायन्सला प्रयोगवही होती. मी फक्त योगायोग लक्षात ठेवते, इतकंच.

सागवानला गेल्या वर्षी डोंगर दिला होता. घड्या उलगडल्या की उभा राहणारा, वर कापडी झेंडा, आत लिहिलं होतं, उंच माणसाला उंच शुभेच्छा. दोन महिन्यांत ती माळ्यावरची बॅग काढताना स्टुलावरून पडली. टाच मोडली. उंचीवरूनच पडली ना?

मॉनिटरला छत्री आणि पावसाचे चांदीचे थेंब. पावसाचं कार्ड गेलं, आणि तिच्या वरच्या मजल्यावरचा नळ फुटून छताचा पोपडा सोफ्यावर.

यांना जुनी स्कूटर करून दिली होती. यांची स्कूटर चोरीला गेली.

यांना सांगितलं. हे म्हणाले, स्कूटर चोरीला गेली कारण किल्ली तिलाच लटकत होती. आणि पुन्हा पेपरात डोकं. यांना कशातच खोल जायला नको.

६ मार्च

मॉनिटरचा फोन. चिमणीला भेटून आलीस का? मी सांगितलं, थोडी कणकण वाटतेय. म्हणाली, तुला कधी बरं वाटलंय? चिमणी म्हणत होती म्हणे, डिंकी आली तर बरं वाटेल, ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसेल ना ती? मॉनिटरने माझ्या वतीने हो सांगून टाकलं. शाळेतही असंच करायची. माझा हात स्वतःच वर करायची.

मी बसेन. नक्की बसेन. त्यात घाबरण्यासारखं काय आहे? बाकं असतात.

त्याआधी कार्ड. आता थीम अशी हवी की तिच्यात कुठूनही धोका नको.

फुगे: उडून जातात. नाही.
केक: सुरी लागते. नाही.
मेणबत्ती: फुंकर. लिहिणारही नाही.
होडी: नाही.
आगगाडी: निघून जाते. नाही.
घड्याळ: अजिबात नाही.
फुलं: तोडलेली असतात. हे आधी कधीच कसं लक्षात आलं नव्हतं?

७ मार्च

दुकानात गेले. स्टेशनरीवाल्याला विचारलं, धोका नसलेलं काही आहे का? त्याने लहान मुलांची गोल टोकाची कात्री दाखवली.

चांगला माणूस आहे. घेतली.

९ मार्च

सापडलं! कासव. दीर्घायुष्य, शांती, सगळं एकात. दिवसभर बसून कवच कापलं, बावीस तुकडे वेगवेगळ्या हिरव्या रंगाचे, बॉर्डरला स्टिच दिल्यासारख्या रेघा. इतकं छान जमत होतं की गाणं गुणगुणत होते.

शेवटी मान राहिली होती. कासवाची मान. आत-बाहेर होणारी.

कवच ड्रॉवरमध्ये ठेवलं. मान कचऱ्यात टाकली. मग ती कचऱ्यात आहे हे सहन होईना, परत काढून कवचाखाली ठेवली.

१० मार्च

मान नसलेलं काहीतरी हवं. तुम्ही कधी घरात मान शोधायला निघाला आहात का? किटलीला मान आहे. बाटलीला आहे. फुलदाणीला आहे. दिव्याला आहे. यांच्या शर्टला कॉलर, म्हणजे मानच. व्हायोलिनला आहे, तसं आमच्या घरी व्हायोलिन नाही, हे नशीब.

हे म्हणाले, जेवायला बसू का मानेसकट?

चेष्टा करतायत. पण पानावर वाकले तेव्हा मी यांच्या मानेकडे नीट बघितलं. काही दिसलं नाही. दोन्ही बाजूंनी बघितलं.

१२ मार्च

मांजर! गुंडाळून झोपलेलं. मान दिसतच नाही. गोल, ऊबदार, निवांत. शाळेत स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर असं एक मांजर झोपायचं, आम्ही चौघी त्याला आपापला बिस्किटाचा तुकडा द्यायचो आणि सगळ्यात आधी ते चिमणीच्या मांडीवर जायचं, कारण मांडी सगळ्यात जवळ होती.

मखमली कागद आणला. नारिंगी. शेपटीचा वळसा अप्रतिम. हे जाता जाता म्हणाले, छान आहे बटाटा. मी दुर्लक्ष केलं. यांनी आयुष्यभर ऑफिसात नकाशे काढले, यांना सरळ रेघ सोडून काही कळत नाही.

१३ मार्च

मांजर पूर्ण झालं. मिशा लावल्या, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. टेबलावर उभं करून ठेवलं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

हात पुसत होते, तेवढ्यात हे म्हणाले, पण मांजर? आणि चिमणीला?

मी आधी हसले. मग कार्डाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान का होतं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मांजर फाडून टाकलं. चार तुकडे केले, मग आणखी बारीक. हे हात धरून म्हणाले, अगं, कागद आहे तो. आणि थोडा वेळ हात सोडला नाही. नंतर स्वतः चहा केला. साखर विसरले. मी तसाच प्यायले.

१५ मार्च

चिमणीने स्वतः फोन केला. मी उचलला नाही. हात डिंकाने भरले होते.

म्हणजे उचलता आला असता, पण डिंकाचे हात फोनला लागले असते.

यांनी उचलला. यांच्याशी बराच वेळ बोलली. आतल्या खोलीतून तिचा आवाज बारीक ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते, नुसती किलबिल. मी दाराशी उभी राहिले. नंतर वाटलं, हाच आवाज मनात भरून ठेवावा. लगेच वाटलं, असं वाटलंच कसं? आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

हे म्हणाले, ती विचारत होती, डिंकी माझ्यावर रागावली आहे का?

मी? रागावली तर ती आहे. वर्षभर माझ्याशी जरा तुटकच आहे. कार्ड मिळाल्यावर फोनवर एवढंच म्हणाली होती, मिळालं, कळलं मला काय म्हणायचंय ते. मला वाटलं भारावली आहे. कार्ड तिने दिवाणखान्यातही लावलेलं नाही. नाजूक आहे म्हणून आत जपून ठेवलं असणार. सागवानही मिळाल्यावर हसत सुटली होती, म्हणाली, या वयात हेच व्हायचं राहिलं होतं. तीही भारावली होती.

लोकांना भावना नीट सांगता येत नाहीत. म्हणून तर कार्डं लागतात.

१६ मार्च

निर्णय. थीम: काहीच नाही.

चित्र नाही, कात्री नाही, रिबन नाही, टेप तर नाहीच. घडी घातलेला एक सुंदर कागद. ज्यात काही नाही त्यातून काय होणार?

आधी शुभ्र पांढरा काढला. मग पांढऱ्याचा विचार आला. वाक्य पूर्ण करत नाही. सायीच्या रंगाचा घेतला. स्टेशनरीवाला म्हणाला, हा हातकागद आहे, आमच्याकडचा सगळ्यात भारी. काय लिहिणार यावर? मी म्हटलं, काही नाही. त्याने पुन्हा एकदा ती गोल टोकाची कात्री दाखवली.

१७ मार्च

आत दोन ओळी तरी लिहाव्यात म्हणून पेन घेतलं. लवकर बरी हो: म्हणजे आजारी आहेस असं म्हटल्यासारखं. शतायुषी हो: हिशेब केल्यासारखं. तुझीच डिंकी: हे बरं आहे, पण ‘तुझीच’च्या पुढे पेन जाईना. पेनाचं टोक खराब असणार.

काही लिहिलं नाही. कोरंच ठेवलं. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मॉडर्न कार्ड आहे.

१८ मार्च

पहिलं कार्ड आठवलं आज. सहावीत. चिमणीला गालगुंड झालं होतं, आजारी मुलींच्या खोलीत ठेवलं होतं तिला, एकटीला. दारावर पडदा, आत औषधाचा वास. मी चॉकलेटची चांदी घासून सपाट केली, जुन्या पुठ्ठ्यावर चिकटवली, चंद्र केला. आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवलं. आतून तिने विचारलं होतं, कोण आहे? मी पळत सुटले.

किती गोड आठवण! चिमणीही विसरली नसेल.

उद्या मी जाणार. बाहेर बाकावर बसणार. साडी काढून ठेवली आहे. थर्मास धुतला. मॉनिटरला सांगितलं, मी आठला तिथे असेन. ती म्हणाली, बघू. सर्जनकडून शिकली आहे.

१९ मार्च, सकाळ सात

तयार. साडी नेसले, थर्मास भरला, चपला घातल्या.

१९ मार्च, सकाळ नऊ

दोन शिंका आल्या. दोन.

हे म्हणाले, चल, मी येतो बरोबर. मी म्हटलं, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर जंतू नेणं हा गुन्हा आहे. हे म्हणाले, बाहेर चालतात जंतू. मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. यांनी थर्मास घेतला आणि एकटेच गेले.

साडी बदलली नाही. खुर्चीत बसले आहे. मागच्या वर्षीची उरलेली सोनेरी टेप डब्यात होती. ती सगळी सोडवून टेबलावर सरळ पसरली. कुठे गाठ पडू नये म्हणून.

फोन नाही.

फोन नाही. घरातली सगळी झाकणं सैल केली. बरण्या, बाटल्या, प्रेशर कुकर. कोणी बघितलं तर साफसफाई म्हणता येईल.

१९ मार्च, दुपार

मॉनिटरचा फोन. झालं. व्यवस्थित झालं. शुद्धीवर आली. गाठ तपासायला गेली आहे, रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. आवाजाची नस सर्जनला दिसली, जपली आहे म्हणतात, पण आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही.

मग मॉनिटर म्हणाली, आत नेताना ती बाकांकडे बघत होती, डिंके.

मी म्हटलं, शिंका आल्या होत्या.

तिने फोन ठेवला. मी उठून सगळी झाकणं पुन्हा घट्ट लावली.

२० मार्च

उद्या वाढदिवस. कार्ड तयार आहे. भेटायची वेळ चार ते सहा. मी साडेतीनला जाईन, म्हणजे गर्दी नसेल. कार्ड देईन. आत जायची गरज नाही, पेशंटला विश्रांती हवी. दाराखालून सरकवायचं. तिला सहावी आठवेल. किती सुंदर कल्पना आहे, आणि कोणालाच त्रास नाही.

२१ मार्च

सगळं जसं झालं तसं लिहिते.

साडेतीनला पोहोचले. लांब कॉरिडॉर, फिनेलचा वास, तिसरं दार. कोणी नव्हतं. काठीचा आधार नसताना जमिनीवर बसायचं म्हणजे मला आधी भिंत लागते, मग एक गुडघा, मग दुसरा. बसले. पाकीट सरकवलं.

जात नव्हतं. हल्लीच्या दारांना खाली रबर असतं. शिवाय तो कागद भारी, दुकानातला सगळ्यात भारी. पाकिटातून काढून नुसतं कार्ड सरकवलं. कोपरा गेला, पुढे जाईना. गाल जमिनीला टेकवून बघितलं, काही दिसतंय का. कोपऱ्याने रबर जरा उचललं होतं, तिथून दोन बारीक पाय दिसले. घरातल्या सपाता.

दार उघडलं.

आधी नर्स वाकून म्हणाली, आजी, पडलात का? मी म्हटलं, नाही, कार्ड देतेय. नर्सने वर बघितलं. मी पण वर बघितलं. चिमणी उभी होती. गळ्याला पांढरी पट्टी. एवढीशी झाली होती, म्हणजे ती आधीच एवढीशी, त्यातून आणखी. तिच्याकडे बघता येईना म्हणून मी तिच्या सपातांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

नर्सने मला उठवलं, आत खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. पेशंट कोण ते तिला जरा वेळ ठरवता आलं नसावं. चिमणी पलंगावर बसली. कार्ड उघडलं. उलटंपालटं केलं. कोरं. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, यंदा थीम नाही.

तिने उशाखालून पेन काढलं आणि कार्डावर लिहायला सुरुवात केली. हातकागदावर शाई पसरत होती. एकेक अक्षराला मिशा फुटत होत्या. पहिली ओळ: पुन्हा दाराखालून?

मी म्हटलं, शिंका.

तिने लिहिलं, सहावीतही आत आली नव्हतीस. मला वाटलं होतं येशील.

तेव्हा मला काय झालं कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. पक्षी, मान फाटली, सोनेरी पट्टी, सागवानची टाच, छताचा पोपडा, कासव, मांजर, सगळं. म्हटलं, मी तुझा गळा बांधला, चिमणे. मला तुझ्यासमोर यायची हिंमत होत नव्हती. रडले. नर्सने पुन्हा पाणी दिलं.

चिमणी ऐकत होती. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. लिहिलं: कुठला पक्षी?

मी म्हटलं, मागच्या वर्षीचा.

तिने लिहिलं: मला डोंगर आला होता.

मी ते दोनदा वाचलं. शाई पसरली होती, पण डोंगरच होता.

पुढे ती भराभर लिहीत गेली. उंच माणसाला उंच शुभेच्छा. मला! चार फूट दहा! वर्षभर राग धरला होता. वाटलं, म्हातारपणी चेष्टा करायला लागली. कार्ड चपलांच्या कपाटात टाकलं.

म्हणजे पक्षी सागवानला गेला. छोट्याशा चिमणीला, असं आत लिहिलेलं. पाच फूट नऊ इंचांच्या बाईला. म्हणून ती हसत सुटली होती. पत्ते जानेवारीत लिहिलेले, दोन्ही कार्डं एकाच बैठकीत. पद्धत पक्की.

तेवढ्यात मॉनिटर आली. तिला चिमणीने कार्ड दाखवलं. ती म्हणाली, एवढंच ना? मला माहीत होतं, सागवानने तेव्हाच सांगितलं होतं, तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही बोललो नाही. मी म्हटलं, मग तुझ्या छताचं काय? ती म्हणाली, अगं, ते छत तुझ्या कार्डाच्या आधीच दोन वर्षं गळत होतं. मी म्हटलं, आणि मान बांधलेला पक्षी सागवानला गेला तर तिची टाच का? मान का नाही? मॉनिटर म्हणाली, कारण ती स्टुलावर चढली होती, डिंके. स्टुलावर.

चिमणीला हसू येत होतं आणि हसायला बंदी होती. दोन्ही हातांनी गळा धरून खांदे हलवत होती. नर्सने आम्हा दोघींना बाहेर काढायची धमकी दिली. मॉनिटर गेली. मी सहापर्यंत बसले.

२२ मार्च

म्हणजे कार्डांचा कशाशी काही संबंध नव्हता.

हायसं वाटायला हवं होतं. सकाळपासून वाट बघते आहे वाटायची. पण रिपोर्ट अजून यायचा आहे, आणि आता माझ्या हातात फाडायला मांजरसुद्धा नाही.

चार वाजता गेले. दारातून. टेकून बसायला उशी नेली. बोलायचं काय ते सुचेना, मग तीच कार्डावर लिहीत राहिली: चहा. खिडकी. उशी वर. मॉनिटरला सांग, माझ्या वतीने उत्तरं देऊ नकोस. मी सगळं केलं, शेवटचं सोडून.

२५ मार्च

रिपोर्ट आज येणार. सर्जन राउंडला येईपर्यंत मी खोलीत होते. बाहेर गेले नाही. जाणार होते, एक शिंक आलीही होती, पण चिमणीने माझा पदर धरून ठेवला होता. सुटला नाही.

सर्जन म्हणाले, साधी गाठ होती. काळजीचं काही नाही.

मी त्यांना विचारलं, नक्की? बघू वगैरे नाही ना? ते म्हणाले, आजी, नक्की.

हे कॉरिडॉरमध्ये होते. यांना सांगितलं. हे म्हणाले, बरं झालं, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

२९ मार्च

चिमणी घरी आली. आज गेले. बेल वाजवली आणि नेहमीसारखी दोन पावलं मागे सरकले. आतून आवाज आला. फरशीवरून खुर्ची ओढल्यासारखा, जाड, तुटका. मला वाटलं प्लंबर आहे. आवाज म्हणाला, उघडंच आहे, मर आत.

गेले.

सर्जन म्हणाले आहेत, आवाज सुधारेल. चिमणी म्हणते, नाही सुधारला तरी चालेल, आता दूधवाला घाबरतो. पूर्वीइतकीच बोलते. मी ऐकत होते. सागवानच्या कार्डाची थीम सांगितली, तर म्हणाली, थीम काहीही कर, पाकिटात घालताना मला बोलाव.

माझं कार्ड टेबलावरच होतं. आतल्या दोन्ही बाजू भरलेल्या, चहा, खिडकी, डोंगर, सगळं एकमेकांत पसरलेलं. मला बरं वाटलं. म्हटलं, जपून ठेवलंस?

ती म्हणाली, लिहायला अगदी टुकार कागद आहे हा, डिंके. पण टिपतो छान. आणि बघ, मागून अजून स्वच्छ आहे.

असं म्हणून तिने कार्ड उलटं केलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला.